पिवळी वायर

माणूस गेल्यावर मागे राहण्याच्या लायकीची एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचा आवाज, असं आर्विड टॉलेफसनचं गंभीर मत होतं. हे मत हेडफोन कानाला लावण्यापूर्वीचं होतं.

सप्टेंबरात व्हर्लिन आसन नावाचा गृहस्थ आपले दुखरे गुडघे घेऊन ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला आणि चर्चच्या रेकॉर्डिंगचं काम आर्विडच्या गळ्यात पडलं. कोणी त्याला विचारलं नव्हतं. अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या या डलूथमध्ये असं कोणी कोणाला विचारत नाही. नुसतं म्हणायचं, ‘आता ते मशीन कोण बघणार कोणास ठाऊक’, आणि खिडकीबाहेर तळ्याकडे बघत उभं राहायचं. मशीन म्हणजे मागच्या कोपऱ्यातल्या टेबलावरचा छोटा ऑडिओ मिक्सर. माइकच्या वायरी त्याच्या डोक्यात खुपसलेल्या, प्रत्येक माइकसाठी गोल बटणांची एक उभी रांग, तळाशी खालीवर सरकणारी पट्टी. त्यातून एक वायर चर्चच्या जुन्या लॅपटॉपला जायची आणि तिथे उपासना रेकॉर्ड व्हायची, घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. मेमरी कार्डावर भरून ती त्यांच्याकडे पोचवायची. त्यांना चर्चनेच एकेक छोटा प्लेअर दिलेला होता. प्लेअरमध्ये दोन सेल, आणि व्हर्लिन हा नीटनेटका माणूस असल्यामुळे प्रत्येक सेलवर काळ्या शाईने ‘चर्च’ असं लिहिलेलं. पहिल्याच रविवारी आर्विडने मिक्सरला हेडफोन लावला आणि गेली पन्नास वर्षं ज्या माणसांच्या शेजारी बसून आपण देवाचं नाव घेत आलो त्यांची आतली बाजू त्याला ऐकू आली. पेपरमिंटच्या गोळीचा कागद, हळूहळू, कोणाला त्रास होऊ नये म्हणून मुद्दाम हळूहळू आणि म्हणून शेवट नसलेला. कवळी जागेवर बसल्याची टक. गायकवृंदाच्या माइकखाली कोणीतरी नाकातला शेंबूड आत ओढून गिळला, आणि तो गिळला जातानाचा घशाचा सगळा प्रवास आर्विडच्या दोन्ही कानांच्या मधोमध झाला. पास्टर कर्स्टन बाई मोठ्या प्रेमळ, पण प्रत्येक वाक्याआधी त्यांची कोरडी जीभ टाळूपासून सुटायची, ओल्या भिंतीवरून जुना कागद सोलावा तशी. देवाला हे सगळं रोज ऐकू येत असेल तर तो इतका गप्प का असतो हे आर्विडला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. यानंतर त्याने एकही रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं नाही. एकदा ऐकलेलं पुरे होतं. शिवाय जे इतकं घाणेरडेपणाने स्वच्छ ऐकू येतंय ते रेकॉर्डही तसंच होत असणार, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. म्हातारे भेटले की म्हणत, ‘छान होतं हो या वेळचं’, आणि तो म्हणे, ‘बरं झालं.’

धक्का बसला तो ऑक्टोबरात, आई राहते त्या वृद्धनिवासाच्या बोळात, उकडलेला कोबी आणि फरशी पुसायचं औषध यांच्या वासात. आईच्या समोरच्या खोलीत हार्लन नावाचा चर्चचाच एक म्हातारा होता. त्याच्याच खोलीत सॅल पेट्रोचेली. सॅल न्यू जर्सीचा. मुलीने इकडच्या माणसाशी लग्न केलं म्हणून या थंडीत आणून ठेवलेला, आणि त्याबद्दल त्याने कोणालाच माफ केलेलं नव्हतं. त्याने चाकाची खुर्ची आर्विडच्या आडवी घातली.

“ए चर्चवाल्या, त्या डब्या तूच वाटतोस ना?”

“हो. का?”

“त्यात माशा भरता का रे तुम्ही?”

“माशा?”

“घर्रर्रर्र. रोज संध्याकाळी. हा हार्लन ती डबी छातीवर ठेवून झोपतो आणि मी ऐकतो. मला आधी वाटलं, तुमच्यात फ्रिजची पूजा करत असतील. तुम्हा लोकांचं काही सांगता येत नाही.”

“हार्लन कधी काही बोलला नाही.”

“हार्लनला तोफ ऐकू येत नाही. आणि ऐकू आली तरी तुमच्यातलं कोण बोलणार? घराला आग लागली तर तुम्ही म्हणाल, आज जरा ऊब आहे नाही.”

आर्विडने आत जाऊन हार्लनच्या छातीवरचा प्लेअर उचलला आणि कानाला लावला. एक जाड, तेलकट घरघर. तिच्याखाली फार खोल कुठेतरी पास्टर कर्स्टन, बर्फात गाडलेल्या माणसाने हाका माराव्यात तशा. हार्लनने डोळे उघडले, आर्विडचा हात दाबला आणि म्हणाला, “फार सुंदर प्रवचन. मनापासून आभार.” या सगळ्यांनी, एकजात सगळ्यांनी, दर आठवड्याला त्याच्याकडून ही घरघर घेतली होती आणि छान होतं म्हणून सांगितलं होतं. तो स्वतः विमा कंपनीत नकाराची पत्रं लिहायचा. ‘आपल्या परिस्थितीची आम्हाला पूर्ण जाणीव आहे’ हे वाक्य त्याचंच, त्याचा कंपनीत लौकिक होता. त्यामुळे गोड बोलून माणसाला कसं गाडतात हे त्याला आतून माहीत होतं. फक्त आपण खड्ड्याच्या आत कधी असू असं त्याच्या मनात आलं नव्हतं. तो आईच्या खोलीत गेला. बोर्गहिल्ड टॉलेफसन खुर्चीत ताठ बसली होती, टेबलावरचा तिचा प्लेअर तिनेच विणलेल्या निळ्या रुमालाखाली झाकलेला, धूळ बसू नये म्हणून.

“आई, ते रेकॉर्डिंग कसं असतं गं?”

“छान असतं की.”

“घरघर नाही येत?”

आईने थोडा विचार केला. “येत असेल थोडी. वेगळंच आहे जरा.”

वेगळं आहे. तिच्या आयुष्यात याहून कडक शब्द तिने फक्त एकदा वापरला होता, तोही त्याच्या बायकोबद्दल, आणि पुढे घटस्फोट झाला. मग तिने मांडीवरची चुणी सारखी केली आणि खिडकीकडे बघून म्हणाली, “सर्वसंतांच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतील ना? तुझ्या बाबांचंही असेल. मला काही यायला जमायचं नाही. तेवढं नीट ऐकू आलं असतं तर... जमलं तर हं. नाही जमलं तरी काही नाही.” चौऱ्याऐंशी वर्षांत त्याच्या आईने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. ती ऐकून आर्विडच्या पाठीवरून काहीतरी ओलसर सरकलं. प्रेम असावं, त्याला सवय नव्हती.

बाबांचा आवाज त्याला आठवत नव्हता. मार्चमध्ये ते गेले तेव्हापासून तो प्रयत्न करत होता, दात घासताना, नकाराची पत्रं लिहिताना, तळ्यावरून पोलादी रंगाचा वारा येई तेव्हा गाडीत बसून. आयनार टॉलेफसन लोहखनिजाच्या धक्क्यावर कामाला होते, जहाजांच्या पोटात दिवसभर लाल धूळ ओतायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. आठवायचं ते जेवताना गिळणं. मलईतली हेरिंग मासळी काट्याने उचलायची, ती थरथरायची, मग तोंडात जायची, आणि मग गळ्यातून एक लहान, ओला, समाधानाचा आवाज. जेवण झालं की घसा खाकरायचा, दोनदा, पहिला लांब आणि दुसरा अर्धवट तोडलेला. दहा वर्षांचा असताना आर्विडला वाढदिवसाला टेपरेकॉर्डर मिळाला होता. तो त्याने जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीमागे ठेवला आणि बटण दाबलं. बाबांना तो दिसला की नाही कोण जाणे. त्या दिवशी ते एक अक्षर बोलले नाहीत. नंतर पांघरुणात शिरून त्याने टेप ऐकली, तर तीत फक्त चावणं होतं, तिघांचं चावणं, कुत्र्यांच्या पंगतीसारखं, आणि मधूनच आईचं ‘अजून घ्या ना’. त्याला उलटी झाली. मासळीने झाली असं आईने ठरवलं. ती टेप पुढे कुठे गेली ते माहीत नाही. पण आयनार टॉलेफसन या जगात होते याचा ध्वनिमुद्रित पुरावा म्हणाल तर तेवढाच. आता निदान त्यांचं नाव तरी स्वच्छ आवाजात कुठेतरी भरून ठेवावं, आणि तिला ते एकदा ऐकू यावं, यापलीकडे आर्विडची काही अपेक्षा उरली नव्हती.

म्हणून शनिवारी तो रिकाम्या चर्चमध्ये मिक्सरसमोर बसला. वायरी काढून पुन्हा लावल्या. एकेक माइक बंद केला. सगळ्या पट्ट्या तळाला आणल्या. मग हेडफोन मिक्सरमधून काढून लॅपटॉपला लावला, हे त्याने पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, आणि डोळे मिटून ऐकलं. काही नाही. बाकांमध्ये मुरलेल्या मेणाच्या वासासारखी निर्मळ शांतता. रविवारी उपासना सुरू होण्याआधी त्याने तीच तपासणी पुन्हा केली, आणि घरघर होती. सगळे माइक बंद, सगळ्या पट्ट्या खाली, तरीही होती. म्हणजे ती माणसांकडून येत नव्हती. मिक्सर आणि लॅपटॉप यांच्या दरम्यान कुठेतरी जन्माला येत होती. मिक्सरच्या हेडफोनात ती कधी ऐकू आली नव्हती, कारण मिक्सर बिचारा स्वच्छच होता. आर्विडने लॅपटॉपचा चार्जर उपटला. घरघर गेली. पण त्या लॅपटॉपची बॅटरी पहिल्या भजनालाच मान टाकायची, त्यामुळे पापांच्या कबुलीच्या सुमारास चार्जर पुन्हा लावावा लागला, आणि घरघर परत आली, नातेवाइकासारखी. दोन यंत्रं, वीज दोन वेगळ्या भिंतींतून; जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी, त्यांची नाती वेगळी, आणि मधल्या वायरीतून ती एकमेकांवर गुरगुरत होती. उपाय साधा होता. दोघांना एकाच भिंतीच्या एकाच ठिकाणी जोडायचं. शनिवारी त्याने सहज तेच केलं होतं, कारण शनिवारी भिंतीत मिक्सरच्या प्लगशेजारचं भोक रिकामं असतं. रविवारी त्यात एक पिवळी वायर असे. जाड, ठिकठिकाणी चिकटपट्टी लावलेली. आर्विड तिच्यामागून वाकून वाकून गेला, तळघराच्या जिन्यावरून खाली, लोकरीच्या कोटांच्या ओल्या मेंढीवासातून, स्वयंपाकघरात. दुसऱ्या टोकाला कॉफीचं भांडं होतं.

ते भांडं म्हणजे तोटी लावलेला जस्ती रंगाचा एक बुटका देव होता. स्वयंपाकघरातल्या लाइनीवर ते आणि शेगडी एकत्र चालत नसत, म्हणून कधीतरी कोणीतरी वरून वायर आणली होती, आणि ती तात्पुरती होती तेव्हा आर्विडचे केस काळे होते. मधला मार्ग म्हणून पुढच्या रविवारी त्याने प्लग लावायची एक लांब पट्टी विकत आणून तिघांनाही तिच्यात लावून पाहिलं. प्रवचनाच्या मध्यात फ्यूज उडाला आणि अर्धं चर्च अंधारात गेलं. कोणी मागे वळून पाहिलं नाही. पास्टर बोलत राहिल्या, लोक ऐकत राहिले, अंधारातल्या अर्ध्या लोकांनी भजनाची पुस्तकं उघडून धरली आणि न दिसणारं भजन पाठ म्हटलं. तेव्हा आर्विडला आपल्या माणसांचा खरोखर किळस आला, केसात अडकलेल्या च्युइंगगमचा यावा तसा, काढू गेलं तर आपलेच केस जाणार हे ठाऊक असणारा.

तो आर्डिसकडे गेला. आर्डिस लुंडीन स्वयंपाकघराची सर्वेसर्वा, आईची मैत्रीण, हाताला कायम लोणी आणि दालचिनीचा वास.

“आर्डिस, पुढच्या रविवारी कॉफीचं भांडं तासभर बंद ठेवलं तर चालेल का?”

“बंद?” आर्डिस टेबल पुसत राहिली.

“रेकॉर्डिंगसाठी. बाबांचं नाव आहे ना. आईला ऐकायचंय.”

“अगं बाई, हो का. मग ठेवू की. त्यात काय.”

“नक्की ना?”

“हो हो. बघू आपण.”

“उपासना संपल्यावर पुन्हा लावा.”

“तेच म्हणतेय मी. पण थंड झालेली कॉफी पुन्हा तापवली की तिला एक... नाही, ठेवू की. तुझ्या बाबांना माझी कॉफी फार आवडायची हो. कधी बोलले नाहीत, पण दुसरा कप घ्यायचे.”

आर्विडला या उत्तराचा अर्थ पूर्ण कळला, कारण नकार लिहिण्यात तो स्वतः तरबेज होता. शनिवारी तो सगळं पुन्हा मांडून बघत असताना पास्टर कर्स्टन मेणबत्त्यांचं खोकं घेऊन आल्या. “या वर्षी घंटा नको असं ठरवलंय,” त्या म्हणाल्या. “दर नावाला घंटा वाजली की लेरॉयच्या कानातलं यंत्र किंचाळतं. त्याऐवजी नावागणिक एकेक मेणबत्ती लावू. शांत. कसं वाटतं?” मेणबत्ती ऐकू येत नाही, असं आर्विडला म्हणायचं होतं. घरी बसून ऐकणाऱ्यांना तुम्ही काय अंधार पाठवणार आहात? “छान कल्पना आहे,” तो म्हणाला, आणि स्वतःचीच जीभ टाळूपासून सुटल्याचा आवाज त्याला आला.

सर्वसंतांच्या रविवारी पिवळी वायर अर्थातच जागेवर होती. पहिलं भजन सुरू झालं, सगळे उभे राहिले, कोटांची भिंत झाली आणि तिच्या आडून आर्विडने वाकून ती वायर उपटली. प्लग कोमट होता, जिवंत वस्तूसारखा. त्याने तिथे लॅपटॉप लावला आणि हेडफोन कानावर ओढला. शांतता उतरली. इतकी की तिच्यात सगळं दिसायला लागलं: कागद, कवळ्या, कोणाच्या तरी पोटातला लांबलचक गुळगुळ, माणसाच्या आतली सगळी गटारं. या वेळी त्याने तोंड वाकडं केलं नाही. नावं सुरू झाली. प्रत्येक नावानंतर काडी ओढल्याचा बारीक खरखराट, आणि मग काही नाही. तो मिक्सरवरच्या, आवाज मोजणाऱ्या हिरव्या दिव्यांकडे बघत होता, दिवे उठत होते, बसत होते. “आयनार मॅग्नस टॉलेफसन,” पास्टर म्हणाल्या. प्रत्येक अक्षर सुटं, धुतलेलं. काडी ओढली. आणि त्या रिकाम्या जागेत कोणीतरी घसा खाकरला, दोनदा, पहिला लांब आणि दुसरा अर्धवट तोडलेला. आर्विडने झटकन समोर पाहिलं, टेबलाकडे, मिठाच्या डबीमागे पाहावं तसं. मग त्याला आपल्या घशात कफाची ओल जाणवली. तो आवाज त्याचा स्वतःचाच होता. वारसा म्हणतात तो हा. जमीन नाही, बोलणं नाही, एक शिवीसुद्धा नाही. घशातला एक ओलसर झटका, चोख पोचता झालेला, आणि आता बाबांच्या नावाला चिकटून कायमचा रेकॉर्ड झालेला.

खाली तळघरात लोकांनी कप पुढे केले आणि तोटीतून आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट, फिकी, अर्धवट कॉफी आली. तिच्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग होता. आर्विड दारात उभा राहून बघत होता. एक कोणीतरी थुंकावं, एवढीच त्याची इच्छा होती. एकाने तरी कप खाली ठेवून विचारावं, हे काय आहे. लेरॉयने घोट घेतला, गिळला, म्हणाला, “छान.” पुढच्याने म्हटलं, “आज अगदी बेताची गरम आहे, बरं झालं.” काहींनी दुसरा कप घेतला. आर्डिस भांड्याशी उभी होती. तिने आर्विडकडे पाहिलं, बराच वेळ, आणि गालात हसून म्हणाली, “आज कॉफी जरा वेगळी झाली.” त्याने आपला कप शेवटपर्यंत प्यायला. तळाशी गाळ होता, तोही.

दुपारी तो कार्ड घेऊन वृद्धनिवासात गेला. बोळात सॅलने विचारलं, “माशा गेल्या का रे?” आर्विड म्हणाला, “गेल्या.” “मग आता तुमच्या पास्टरबाई ऐकू येणार,” सॅल म्हणाला. “माशा बऱ्या होत्या.” या माणसाला मिठी मारावी असं आर्विडला वाटलं, पण तशी पद्धत नव्हती. आईने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. “तू आहेस तोवर नको,” ती म्हणाली. “एकटीने ऐकेन.” त्याला ते पटलं. तो आठवडाभर नकाराची पत्रं लिहीत होता आणि मधूनच थांबून, आता ऐकत असेल, असं मनात म्हणत होता. आपलं खाकरणं तिच्या लक्षात येईल, हेही त्याच्या मनात यायचं. ती नवऱ्याचा घसा ओळखेल. कदाचित रडेल. कदाचित विचारेल, हे कोण होतं रे? आणि मग त्याला सांगता येईल, आणि त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी कोणाला काहीतरी सांगितलं असं होईल.

शुक्रवारी तो गेला तेव्हा ती टीव्हीवर चेंडूने बाटल्या पाडायचा बोलिंगचा खेळ बघत होती.

“ऐकलंस?”

“ऐकलं ना. दोनदा ऐकलं.”

“नाव नीट आलं?”

“अगदी स्पष्ट. काय छान केलंस रे. घरघर म्हणून नाही.” तिने त्याच्या हातावर हात ठेवला. “आणि ती घंटा. त्यांच्या नावानंतरची. किती गोड वाजली. बराच वेळ घुमत राहिली.”

टीव्हीवर एका जाड्या माणसाने चेंडू सोडला. आर्विडने तो शेवटपर्यंत जाताना पाहिला.

“हो,” तो म्हणाला, “या वर्षी छानच वाजली.”

आई समाधानाने मागे टेकली. तिला काय हवं होतं ते मिळालं होतं आणि तिने त्याला काय द्यायचं ते देऊन टाकलं होतं. व्यवहार पुरा झाला होता. तो उठून टेबलाशी गेला, खिडकी बघायला गेल्यासारखा, आणि निळा रुमाल उचलला. प्लेअर चकचकीत होता. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग उलटा करून पाठीमागचं झाकण सरकवलं. आत दोन स्प्रिंग होत्या, अगदी स्वच्छ. त्याने झाकण लावलं, प्लेअर जागेवर ठेवला, त्यावर रुमाल घातला आणि रुमालाचे कोपरे सारखे केले.

“थोडा आवाज वाढवते हं,” आई म्हणाली. तिने रिमोट उचलला. रिमोटचं मागचं झाकण हरवलेलं होतं. आतल्या दोन्ही सेलांवर काळ्या शाईने ‘चर्च’ असं लिहिलेलं होतं.